मशीन इचारत न्हाय

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, अगदी लहानपणापासून. आई म्हणायची, ही पोरगी मिरची खाऊनच जन्माला आलीय. आबा बरोबर उलट. त्यांनी आवाज चढवलेला मला आठवत नाही, आणि चढवून उपयोगही नव्हता, कारण त्यांच्या खोलीत दिवसभर बारा टाइपरायटर वाजत असायचे. लक्ष्मीपुरीत एका धान्याच्या दुकानाच्या माडीवर आमची टायपिंग इन्स्टिट्यूट होती, आणि घर मागच्याच बोळात. मराठी, इंग्रजी, मिनिटाला तीस शब्द, चाळीस शब्द. कोल्हापुरातल्या निम्म्या कचेऱ्यांमधले क्लार्क आबांच्या हाताखालून गेलेत असं लोक म्हणायचे. आबा स्वतः कधी म्हणाले नाहीत.

त्या आबांनी शेवटच्या वर्षात माझ्यासाठी काहीतरी लिहायला घेतलं, रोज लिहिलं, आणि ते सगळं माझ्यामुळं गेलं. एका फ्लॉपीवर मी एक आकडा लिहिला होता, त्या आकड्यापायी गेलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला लागलं की मला माझाच संताप येतो, आणि संतापात मी धड बोलत नाही. म्हणून आता लिहून काढते.

आबांच्या खोलीत नियम दोनच. पहिला सकाळचा. आठला खोली उघडली की कुणी मशीनवर धप्पकन बसायचं नाही. आधी रेक्झिनची खोळ काढायची, खिडकीशी जाऊन झटकायची, तिच्या चार घड्या घालायच्या. मग जुन्या धोतराच्या फडक्यानं कळा पुसायच्या, एक ओळ, दुसरी ओळ, काही राहिलं नाही ना बघायचं. मग हात जोडायचे, आणि मगच स्टूल ओढायचं. आमच्या आजोबांनी धर्म बदलला त्याच वर्षी घरातले देव पंचगंगेत सोडले होते. आबांनी जन्मात कुठल्या मूर्तीला हात जोडले नाहीत, पण मशीनला जोडायचे. मी एकदा चिडवलं, "हे काय ओ आबा? देव न्हाय म्हणायचं आन् मशीनच्या पाया पडायचं?"

"पाया कुठं पडतोय? नमस्कार करतोय. दिवसभर त्याला बडवायचं, मग सकाळी एवढं तरी नको व्हय?"

दुसरा नियम उठतानाचा. आपला कागद काढून घ्यायचा, मागं कायसुद्धा ठेवायचं नाही. पुढच्याला मशीन कोरं मिळालं पाहिजे. एखादा पोरगा रोलरमध्ये कागद विसरून गेला, तर आबा त्याला जिन्यावरून परत बोलवायचे. "तुझ्या चुका दुसऱ्यानं कशाला वाचायच्या रं?" असं विचारायचे. हा नियम पुढं आम्हा दोघांवर उलटणार आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

आई मी कॉलेजात असताना गेली. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला आबांनी मला गारगोटीला दिलं. घर चांगलं होतं, माणूस नव्हता. आठ महिन्यांनी मी सुजलेलं मनगट घेऊन माहेरी आले. आबांनी मनगटाला हळद लावली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मला स्टँडवर नेऊन गारगोटीच्या गाडीत बसवलं. खिडकीतून केळ्यांची एक फणी दिली. "नांदायचं बघ, पोरी," म्हणाले. गाडी सुटेपर्यंत खाली उभे होते. मी एकदाही बाहेर बघितलं नाही. आजही गाडीत शेजारी कुणी केळं सोललं की मी जागा बदलते.

तीन महिन्यांनी मी एक पिशवी घेऊन कायमची परत आले. या वेळी कुणाला विचारून आले नाही. आबांनी दार उघडलं, पिशवी हातातून घेतली आणि म्हणाले, "जेवलीस?" झालं. त्या गाडीचा विषय ना त्यांनी काढला, ना मी. मी टायपिंगच्या परीक्षा दिल्या, कॉम्प्युटरचा कोर्स केला, वारणानगरला एका कॉलेजात ऑपरेटर म्हणून लागले. एकाच घरात राहायचो, एका ताटलीतल्या भाकरी खायचो. पण मी आत कुठंतरी वाट बघत होते. त्यांनी एकदा म्हणावं, चुकलं माझं. आणि ते म्हणत नाहीत म्हणून मी बारीकसारीक गोष्टींवरून त्यांच्यावर खेकसायचे. भाजी अळणी झाली तरी गारगोटीचाच राग निघायचा. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं.

मग आबांचा घसा गेला. तंबाखू. मिरजेला ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज काढून टाकावा लागला. गळ्याला भोक, त्यावर पांढऱ्या जाळीचा तुकडा. डावा खांदाही त्यात अधू झाला. हात वर होईना, टाइपरायटरचा कॅरेज ढकलता येईना. ज्या माणसानं जन्मभर बोटांनी पोट भरलं, त्याला आता स्वतःच्याच मशीनवर एक ओळ पुरी करता येईना. शाळेतल्या पोरांची दगडी पाटी आणली होती, तिच्यावर लिहून दाखवायचे. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. हातानं लिहायची त्यांची सवयच सुटली होती, आणि हातानं लिहिलेलं त्यांना खरंही वाटायचं नाही. पाटीवर दोन-तीन शब्दांच्या पुढं ते जायचे नाहीत. भात नको. पाणी दे. लवकर ये.

इन्स्टिट्यूटही तेव्हा ओसरत चालली होती. परीक्षा टाइपरायटरवरच व्हायची, पण जिना चढून आलेला प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारायचा, कॉम्प्युटर हाय का? दोन हजार चार-पाचची गोष्ट. आमच्या कॉलेजनं जुने कॉम्प्युटर मोडीत काढले, त्यातले तीन मी टेम्पोत घालून आणले. इतके जुने की त्यांच्यावर नवीन विंडोज घालणं म्हणजे म्हाताऱ्या रेड्याला उसाची ट्रॉली जुंपणं. पण एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर मला एक हलकी सिस्टिम मिळाली होती. लिनक्समधली, अगदी एवढीशी. सगळी मेमरीत मावायची, हार्डडिस्कला हातही लावायची नाही.

आता या मशीनांची एकेक खोड. सीडीवरून ती सुरूच व्हायची नाहीत, फ्लॉपीवरून सुरू करायची आणि मग पुढचं सीडीवरून घ्यायचं. सुरू होताना पडद्यावर एक शब्द यायचा, बूट, आणि त्याच्यापुढं ते मशीन थांबायचं. तिथं त्याला सांगायचं, बाबा रे, कसा चालणार आहेस. एकाचा पडदा उगाच लुकलुकायचा, त्याला साध्या पडद्यावर चाल म्हणून सांगायचं. दुसरं नसलेल्या वस्तू शोधत अडकून बसायचं, त्याला शोधू नकोस म्हणून सांगायचं. तिसरं आपली मेमरी निम्मीच धरायचं, त्याला तुझ्याकडं किती आहे ते मोजून सांगावं लागायचं. माणसांपेक्षा बरी. एकदा काय दुखतंय ते कळलं की ऐकायची. नेट कॅफेतून मी या सगळ्याची पानं छापून आणली होती. बसमध्ये वाचायचे, वारणानगर येईपर्यंत दोन पानं.

हे रोज कोण टाइप करणार? म्हणून फ्लॉपीवरच्या छोट्या फाइलीत मी ते सगळं लिहून टाकलं आणि प्रत्येक मशीनला दोन वाटा करून दिल्या. एकीचं नाव 'कोरं', दुसरीचं 'ठेवा'. 'कोरं' म्हणजे मशीन बंद केलं की लिहिलेलं सगळं पुसलं जाणार, पुढच्याला स्वच्छ मिळणार. 'ठेवा' म्हणजे लिहिलेलं हार्डडिस्कच्या एका कोपऱ्यात जपलं जाणार. बूट शब्द आला की यातलं एक नाव इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं. काहीच केलं नाही तर मशीन थोडा वेळ थांबून आपणहून 'कोरं' धरणार.

आबांना ही कल्पना एवढी आवडली! त्यांचा चाळीस वर्षांचा नियम मशीनच पाळणार होतं, कुणाला जिन्यावरून परत बोलवायला नको. पाटीवर त्यांनी लिहिलं, "झकास." मी टाइपरायटरच्याच कळांचा एक मराठी फॉन्ट एका छपाईवाल्याकडून आणून घातला. आबा बसले, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांची बोटं पळाली. कॅरेज ढकलायला नको, कळ जोरात मारायला नको. नुसतं बोट ठेवलं की अक्षर. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी लगेच म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता, रडू नका." माझं बोलणं हे असं.

राहिला आकडा. मशीननं किती वेळ थांबायचं, तो आकडा फाइलीत लिहावा लागतो. मी विचार करून लिहिला हो, उगाच नाही. आबांची सकाळ मला माहीत होती. कॉम्प्युटरलाही त्यांनी टाइपरायटरचाच रिवाज लावला होता. आधी कॉम्प्युटरच्या डब्याचं बटण दाबायचं, मग पडद्यावरची खोळ काढायची, झटकायची, चार घड्या, फडक्यानं कळा पुसायच्या, हात जोडायचे, आणि सगळ्यात शेवटी पडदा चालू करून बसायचं. एका रविवारी मी त्यांच्याकडून ते करून घेतलं आणि घड्याळ लावून बघितलं. चाळीस सेकंद. म्हणून मी पन्नास लिहिलं. मला माझाच अभिमान वाटला, की बघा, बापाच्या नमस्काराचासुद्धा वेळ धरलाय मी.

मग एक दिवस संध्याकाळी मी कामावरून आले तर आबांनी पाटी पुढं केली. नेहमीपेक्षा जास्त शब्द होते. "लिवतोय. पुरं झालं की तुला."

"काय लिवताय?"

त्यांनी मान हलवली, नाही सांगणार अशी. पण हसले.  मला कळलं ते काय लिहीत असणार. दुसरं काय असणार? आमच्या दोघांत न बोललेलं एकच तर होतं. "त्या मशीनला सुरवातीलाच 'ठेवा' सांगायचं बरं का," मी म्हणाले. "न्हाय तर जाईल." आणि भाकऱ्या थापायला निघून गेले, कारण तिथं उभं राहिले असते तर मीच रडले असते.

चार दिवसांनी पाटी. "कालचं गेलं."

"ठेवा टाइप केलं न्हाई तुम्ही. विसरलासा."

त्यांनी मान हलवली. पाटी पुसली, लिहिलं, "मशीन इचारत न्हाय."

"इचारतंय की! मी लावलं की मला बरं इचारतं?" माझा आवाज चढला. दमून आले होते, बसमध्ये उभं राहून आले होते, सगळं खरं, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. ज्याला जीभ हलवून आवाज काढता येत नाही अशा माणसापुढं. मी त्यांना तशीच जिन्यावरून वर घेऊन गेले. पडदा चालू केला, डब्याचं बटण दाबलं, हाताची घडी घालून उभी राहिले. बूट शब्द आला. मी झटकन 'ठेवा' टाइप केलं. "हे बघा. इचारलं का न्हाई? इचारलं का न्हाई, सांगा!"

आबा पडद्याकडं बघत राहिले. मग पाटीवर लिहिलं, "माजंच चुकत असंल."

मी एक चिठ्ठी लिहून पडद्याच्या कडेला चिकटवली. मोठ्या अक्षरात, ठेवा टाइप करणे. खाली दोन रेघा ओढल्या. शाळेतल्या मास्तरणीसारखी.

पुढं आणखी एकदा त्यांनी तेच लिहून दाखवलं. इचारत न्हाय. मी एवढंच म्हणाले, "आबा, डोळं तपासून घ्या." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मी मधूनमधून विचारायचे, झालं का लिहून? ते हातानं खूण करायचे, थोडं राहिलंय. मला वाटायचं, म्हाताऱ्याला घाई नाही, नीट लिहीत असतील, सुधारत असतील. मी सकाळी सातला घर सोडायचे. रविवारी इन्स्टिट्यूट बंद. आबा सकाळी त्या मशीनवर बसतात तेव्हा काय होतं, ते मी एकदाही बघितलं नाही. दाखवलं तेवढं मीच दाखवलं, माझ्या पद्धतीनं.

दिवाळी झाल्यावर दुखणं उलटलं. पंधरा दिवसांत आबा अंथरुणाला खिळले. पाटीसुद्धा उचलवेना. शेवटी शेवटी ते नुसतं बोट हलवायचे चादरीवर, टकटक, टकटक, आणि माझ्याकडं बघायचे. मला वाटलं मशीनबद्दल सांगतायत. मी कानाशी वाकून म्हणाले, "वाचते मी आबा. तुम्ही ठेवलंय न्हवं तिथं? मी वाचते." त्यांनी डोळे मिटून घेतले. मान हलवली की नाही, मला आजही नक्की सांगता येत नाही.

ते गेले. जलदान विधी झाला, पाहुणे गेले. त्याच संध्याकाळी मी माडीवर जाऊन त्यांचं मशीन लावलं, 'ठेवा' टाइप केलं, आणि तो कोपरा उघडला. काही नव्हतं. एक फाइल नाही, एक अक्षर नाही. दुसरं मशीन बघितलं, तिसरं बघितलं. कोरं. खोटं कशाला बोलू, मला पहिला आला तो रागच. गेलेल्या माणसाचा राग. एवढं बजावलं, चिठ्ठी लावली, दोन रेघा ओढल्या, तरी एक शब्द टाइप करायला विसरलात रोज? का लिहिलंच नव्हतं काही? मला नुसतं झुलवत होतात? मी त्या रिकाम्या खोलीत मोठ्यानं भांडले.

दुसऱ्या दिवशी रजा होती. शिकणाऱ्या बायकापोरी आठला येणार म्हणून मी साडेसातलाच खोली उघडली. आबांच्या मशीनशी गेले आणि वाटलं, आज त्यांच्या पद्धतीनं उघडू. कालचं भांडण मनाला लागलं होतं. डब्याचं बटण दाबलं. खोळ काढली, खिडकीशी नेऊन झटकली, चार घड्या घातल्या. फडकं घेतलं, कळा पुसल्या, एक ओळ, दुसरी ओळ. हात जोडले. मी कधी जोडत नव्हते, त्या दिवशी जोडले. मग पडदा चालू केला.

पडद्यावर ओळी पळत होत्या. मशीन कधीच पुढं निघून गेलं होतं.

पहिल्यांदा वाटलं, मलाच उशीर झाला. परत केलं. या वेळी पडदा आधीच चालू ठेवला आणि कळांना हात न लावता नुसती उभी राहिले. बूट शब्द आला. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. आणि शब्द गेला, 'कोरं' सुरू झालं.

छापलेली पानं घरी फळीवर होती. धावत जाऊन आणली, जिन्यातच वाचली. थांबण्याचा आकडा सेकंदात लिहायचा नसतो. सेकंदाच्या दहाव्या भागात लिहायचा असतो. माझं पन्नास म्हणजे पाच सेकंद. त्या पानावर ते स्वच्छ लिहिलं होतं, माझ्या बोटाखाली, मी बसमध्ये वाचलेल्या परिच्छेदाच्या खालच्याच ओळीत. मी तिथवर वाचलंच नव्हतं. वारणानगर आलं असेल, किंवा मला कळलंय असं वाटलं असेल. आणि स्वतः कधी पाच सेकंद थांबून बघितलं नाही, कारण मला थांबायची सवयच नाही. शब्द आला रे आला की मी टाइप करून मोकळी.

आबा खोळीची घडी घालत होते तोवर मशीन विचारून निघून जात होतं. रोज. पाटीवर त्यांनी खरं तेच लिहिलं होतं, तीन शब्दांत, आणि मी त्यांना डोळे तपासायला सांगितलं.

मी जिन्यातच बसून राहिले. आठच्या आधी कोडोलीच्या ताई आल्या. नवरा सरकारी कचेरीत शिपाई होता, तो गेल्यावर त्याच्या जागी लागायचं तर टायपिंग पाहिजे म्हणून वर्षभर येत होत्या. आबांच्या शेजारच्या मशीनवर बसायच्या. माझ्या हातातली पानं, माझं तोंड बघून त्या पायरीवर टेकल्या. "काय झालं ओ, बाई?"

मी म्हणाले, "आबांनी लिवलेलं सगळं गेलं. माझ्यामुळं."

त्यांनी माझ्या हातातली पानं घेऊन बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणून व्हय! मला वाटायचं, सर रोज पहिल्यापास्नं का लिवत्यात?"

"पहिल्यापास्नं?"

"व्हय की. रोज तीच पहिली ओळ. आधी मशीनकडं बघायचं, काल लिवलेलं हुडकायचं, न्हाय घावलं की चष्मा पुसायचं. आन् मग पुन्हा पहिल्यापास्नं. एकदा म्हटलं, सर, मी तुमच्या पोरीला सांगू का? तर पाटीवर लिवलं, नगो, ती दमून येती. मी आपली शेजारी, नजर जायचीच की ओ. माझी तर पाठ झालीया ती ओळ."

मला विचारायचं धाडस होईना. ताईंनीच सांगितली. परीक्षेचा उतारा म्हणावा तशी सरळ, डोळे समोर ठेवून.

"पोरी, त्या दिवशी मी तुला गारगोटीच्या गाडीत परत बसवायला नको होतं."

माझ्या तोंडून आवाज फुटला तो कसला होता कुणास ठाऊक, खालचा धान्यवाला बाहेर येऊन वर बघायला लागला. ताईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं.

"आन् पुढं?" मी विचारलं. "पुढं काय लिवलं होतं, ताई?"

"पुढचं न्हाय बघितलं ओ. पहिली ओळ झाली की सर माझ्याकडं बघायचं. मग मी मान फिरवायची. बापलेकीचं असंल काय ते, आपुन कशाला वाचा? मला वाटलं, तुमास्नी दिलं असंल."

सात-आठ वर्षं मी त्या एका वाक्याची वाट बघितली. आणि आबा ते मला रोज सांगत होते. खोळीची घडी घालून, कळा पुसून, हात जोडून, रोज नव्यानं सांगत होते. काल म्हटलेलं मशीननं पुसलं, तर आज परत म्हणत होते. त्याच दिवशी संध्याकाळी मी घरी येऊन भाजी अळणी आहे म्हणून ताट सरकवत होते. एकच ओळ बदलायची होती मला. त्यांच्या एका मशीनला आपोआप 'ठेवा' धरायला लावायचं. तेवढंही सुचलं नाही. चिठ्ठी लावायचं बरं सुचलं.

त्या पानांवर आणखी एक गोष्ट होती. आकड्याच्या जागी शून्य लिहिलं, तर मशीन आपणहून कुठंच जात नाही. कुणीतरी येऊन काहीतरी सांगेपर्यंत तिथंच थांबतं, दिवसभर लागला तरी. मी फ्लॉपी काढली आणि पन्नास खोडून त्या जागी शून्य केलं. बैल गेला आन् झोपा केला. ताई शेजारी उभ्या होत्या. मग त्यांनी आपल्या मशीनवरची खोळ काढली आणि खिडकीशी नेऊन झटकली.

मी आबांचं मशीन परत लावलं. खोळ हळूच काढली, सावकाश घड्या घातल्या, फडकं दोनदा फिरवलं. पडदा लावला तेव्हा बूट शब्द तसाच उभा होता. मी 'ठेवा' टाइप केलं. मग आबांची ती ओळ टाइप केली, एकही चूक न करता. एंटर दाबून दुसऱ्या ओळीवर आले आणि बोटं कळांवर ठेवून कितीतरी वेळ बसून राहिले. दुसरी ओळ मला माहीत नव्हती.

इन्स्टिट्यूट पुढं चार-पाच वर्षांत बंद झाली. टाइपरायटर गेले, दोन कॉम्प्युटर भंगारात गेले. आबांचं मशीन मी घरी आणलंय. त्यांच्या कोपऱ्यात ती एकच ओळ ठेवलेली आहे.